तलावाची वर्गणी

सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात दोन भाऊ होते. थोरला गावात धानाची शेती करायचा. धाकटा चंद्रपूरच्या वीज केंद्रात तंत्रज्ञ होता आणि ऊर्जानगरच्या वसाहतीत राहायचा. दोघांत कधी तंटा झाला नाही. वाटणी झाली तेव्हाही थोरला म्हणाला होता, "पगार तुझा, बांध्या माझ्या, आणि दिवाळी दोघांची."

थोरल्याच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, मामा तलावाखाली होत्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. कोहळी समाजाच्या लोकांनी त्यातले कितीतरी खोदले, मालगुजारांच्या काळात ते सांभाळले गेले, आणि मालगुजारी गेल्यावर ते माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव झाले. 1951 नंतर तलाव सरकारचे झाले आणि बऱ्याच गावांना वाटलं, आता पाळ सरकारच बांधणार. तसं झालं नाही. गाळ साचत गेला, सांडवे फुटले, पाटांत बेशरम उगवली. पण या गावानं आपली जुनी रीत सोडली नव्हती. दर वैशाखात पारावर सभा भरायची. ज्याच्या जितक्या बांध्या तलावाखाली, तितके दिवस त्याच्या घरच्या माणसानं गाळ काढायचा, पाळीवर माती टाकायची. ज्याला येणं जमत नसे, तो मजुरी द्यायचा किंवा कापणीनंतर तितके धान द्यायचा. वही थोरल्याकडे असायची. एखाद्या वर्षी पाऊस कमी पडला आणि शेवटच्या बांध्यांना पाणी पोचलं नाही, तर त्या घरांची वर्गणी सभा माफ करायची. पाणी पोचलं नाही त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, हा गावाचा नियम होता.

धाकट्याचीही एक वर्गणी होती. एकदा त्याला नागपुरातून फोन आला की तुमचं नाव सोडतीत निघालं आहे, बायकोला घेऊन हॉटेलात या, भेटवस्तू घेऊन जा. तिथं दोन-तीन तास गोड बोलणं झालं. पडद्यावर समुद्र, बर्फ, चहाचे मळे दाखवले. उठताना धाकट्यानं पंचवीस वर्षांच्या सुट्ट्यांचं सभासदत्व घेतलं होतं. वर्षातून एक आठवडा कुठल्याही रिसॉर्टमध्ये राहायचं, असा तो करार. आपल्याकडे हा धंदा नवा नाही. स्टर्लिंगनं 1986 मध्ये आणि महिंद्रा हॉलिडेजनं 1996 मध्ये सुरुवात केली, आणि हजारो मध्यमवर्गीय घरांनी त्यात आनंदानं सुट्ट्या काढल्या आहेत. सभासदत्वात वाईट काही नाही. धाकट्यानं मात्र कराराचं एक पान न वाचता सही केली होती. सभासदत्वाच्या किमतीशिवाय दरवर्षी देखभालीचं शुल्क द्यायचं होतं. जा किंवा जाऊ नका, ते भरावंच लागणार होतं, आणि दर काही वर्षांनी वाढणार होतं.

पहिलं शुल्क करांसह वीस हजार आलं. धाकट्याच्या बायकोनं विचारलं, "हे दरवर्षी?" धाकटा गप्प राहिला.

मग कामावरच्या एका मित्रानं त्याला युक्ती सांगितली. क्रेडिट कार्ड घे, सगळा खर्च त्यावर कर, पॉइंट जमव, पॉइंटांची गिफ्ट कार्डं घे आणि त्यांतून शुल्क भर. खिशातून एक पैसा जायला नको.

धाकट्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. कार्ड आलं, सोबत स्वागताचे पॉइंट आले. दिवाळीत टीव्हीवर दहापट पॉइंट होते, म्हणून त्यानं पंचेचाळीस हजारांचा टीव्ही घेतला. घरातला जुना टीव्ही चांगला चालत होता. कर्मचारी संघटनेकडून दिवाळीला एक गिफ्ट कार्ड मिळालं, मेव्हण्यानं एक दिलं. सगळं मिळून सहा हजारांची सोय झाली. शुल्काच्या पानावर एका वेळी एकच कार्ड चालत होतं, म्हणून त्यानं फोनवर तासभर बोलून रक्कम तुकड्यांत भरायची परवानगी मिळवली. उरलेले चौदा हजार क्रेडिट कार्डावर टाकले. त्या संध्याकाळी त्यानं पेढे आणले. बायकोला म्हणाला, "सहा हजार फुकटात सुटले."

ही पहिल्या वर्षाची गोष्ट. तोट्याची सवय नेहमी अशाच एखाद्या चांगल्या वर्षापासून लागते, म्हणून हे वर्ष सांगायला हवं.

दुसऱ्या वर्षी स्वागताचे पॉइंट नव्हते. मग त्यानं नातेवाइकांना सांगितलं, तुमची खरेदी माझ्या कार्डावर करा, मला रोख द्या. साळ्यानं मोटरसायकलचा पहिला हप्ता त्याच्या कार्डावर भरला. शेजाऱ्यानं फ्रीज घेतला. रोख हातात यायची, पण बिल यायच्या आधी ती घरात खर्च व्हायची, कधी मुलाच्या शिकवणीत, कधी महाकालीच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांवर. बिल आलं की त्यावर दोन आकडे असायचे, एकूण रक्कम आणि किमान रक्कम. धाकटा किमान रक्कम भरू लागला. बँक रागावत नव्हती, उलट मर्यादा वाढवून देत होती.

सवलतीत मिळतात म्हणून त्यानं क्रेडिट कार्डावर गिफ्ट कार्डं विकत घेतली. अशा खरेदीवर आपल्याला पॉइंट मिळणार नाहीत, ही अट त्यानं नंतर वाचली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं एक गिफ्ट कार्ड दहा हजारांच्या वर नसतं, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि रोख काढता येत नाही. मुदत संपली की ते वापरता येत नाही. दोन कार्डं कपाटातल्या बांगड्यांच्या डब्यात पडून राहिली आणि त्यांची मुदत निघून गेली.

आणि सुट्टी? पहिल्या वर्षी वीज केंद्रातला संच बंद ठेवून दुरुस्तीचं काम निघालं, रजा मिळाली नाही. पुढच्या वर्षी हवी ती जागा हव्या त्या तारखेला रिकामी नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी आई आजारी पडली. आठवडा वाया गेला, शुल्क मात्र वेळेवर गेलं.

धाकट्याची मोठी साळी गडचिरोलीला परिचारिका होती. तिच्याकडेही असंच सभासदत्व होतं आणि क्रेडिट कार्डही. ती कार्डावर फक्त किराणा, वीजबिल आणि गाडीचं पेट्रोल टाकायची, आणि तारखेच्या आधी सगळंच्या सगळं बिल भरायची. वर्षाकाठी काही शे रुपयांचे पॉइंट जमायचे. शुल्क भरताना ती ते वळते करून घ्यायची आणि बाकीचे पैसे पोस्टातल्या आवर्ती ठेवीतून काढायची. दर उन्हाळ्यात ती मुलांना घेऊन खरंच आठवडाभर जायची. धाकट्यानं एकदा तिला विचारलं, "ताई, तुम्ही इतके कमी पॉइंट का मिळवता?" ती म्हणाली, "जेवढा खर्च घरात असतो तेवढेच मिळतात." धाकट्याला ते उत्तर पटलं नाही.

वैशाखात थोरल्याचा निरोप आला, तलावाचं काम निघालं आहे, यंदा चार दिवस ये. धाकटा गेला. पहाटे पाळीवर चाळीसेक माणसं होती. ताडोब्याच्या जंगलापासून गाव लांब नाही, म्हणून वाघाच्या भीतीनं मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायासुद्धा हल्ली एकट्या जात नाहीत. त्या दिवशी सगळे एका जागी काम करत होते. घमेली हातोहात पाळीवर जात होती. दुपारी आंबिल पिताना थोरल्यानं वही काढली आणि कुणाचे किती दिवस झाले ते लिहू लागला.

धाकटा म्हणाला, "दादा, मीही दरवर्षी अशीच वर्गणी भरतो. पण तुमच्यासारखी घाम गाळून नाही. पॉइंटांतून भरतो."

"हे पॉइंट म्हणजे काय रे?"

धाकट्यानं समजावलं. शंभर रुपये खर्च केले की एक पॉइंट, एका पॉइंटाचे पंचवीस पैसे.

थोरल्याची पोरगी दहावीत होती. ती पाळीवर बसून ऐकत होती. तिनं वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. वीस हजार रुपयांसाठी 80,000 पॉइंट लागतात. 80,000 पॉइंटांसाठी 80 लाख रुपये खर्च करावे लागतात. तिनं पुन्हा मांडून पाहिलं, उत्तर तेच आलं. "काका, तुम्ही वर्षाला ऐंशी लाख खर्च करता?"

आजूबाजूची माणसं हसली नाहीत. सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं.

"आणि बिल बाकी राहिलं तर?" पोरीनं विचारलं.

धाकट्यानं खिशातून मोबाइल काढला आणि बिल दाखवलं. साठ हजार बाकी होते. महिन्याला साडेतीन टक्के व्याज. पोरीनं लिहिलं: व्याज 2,100 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 378 रुपये, महिन्याचे 2,478. बाकी तेवढीच राहिली तरी वर्षाचे 29,736. शिवाय मागचं बिल पुरतं न भरल्यामुळे नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागत होतं. वीस हजारांचं शुल्क फुकटात भरायच्या नादात हा माणूस जवळजवळ तीस हजार व्याज देत होता, आणि त्याला ते दिसत नव्हतं, कारण पॉइंट वेगळ्या पानावर छापलेले असत आणि व्याज वेगळ्या.

थोरल्यानं वही मिटली. तो शाळेत चौथीपर्यंत गेला होता. त्यानं व्याजाबद्दल काही विचारलं नाही. तो म्हणाला, "बावा, ते सगळं जाऊ दे. तू तिथं जाऊन आला का एकदा तरी?"

"नाही, दादा."

"मंग पाणी पोचलं नाही त्या बांधीची वर्गणी तू काहून भरून राहिला?"

धाकट्याकडे उत्तर नव्हतं. शुल्क स्वस्तात कसं भरायचं याचा विचार त्यानं वर्षानुवर्षं केला होता. ज्यासाठी भरतो ते आपल्याला हवं आहे का, हा विचार त्यानं एकदाही केला नव्हता. पॉइंट हा खर्चातूनच निघतो. जो खर्च घरात होणारच होता, त्यातून निघालेला पॉइंट ही खरी बचत. पॉइंटासाठी केलेल्या खर्चातून निघालेला पॉइंट म्हणजे आपल्याच पैशाचा लहानसा तुकडा, जो बँक आपल्याला परत देते. मामा तलावाची वर्गणी जड वाटत नाही, कारण देणारा दर आश्विनात धानाला लागलेलं पाणी डोळ्यांनी पाहतो. शहरातल्या वर्गणीलाही हीच कसोटी लावायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

धाकटा चंद्रपूरला परतला. कर्मचारी पतसंस्थेतून त्यानं कमी व्याजाचं कर्ज काढलं, कार्डाची सगळी बाकी एकदाच भरली आणि कार्ड बंद केलं. सभासदत्व मोडणं मात्र सोपं नव्हतं, कराराची बरीच वर्षं शिल्लक होती. त्याच्या करारात नाव बदलून देण्याची सोय होती. त्यानं बायकोशी बोलून ठरवलं की अजून दोन वर्षं पाहायचं. दर महिन्याला पगारातून शुल्कापुरती रक्कम पोस्टात टाकायची आणि धानाच्या रोवणीनंतर रजा मांडून जायचंच. नाही जमलं, तर सभासदत्व ताईच्या नावावर करून द्यायचं. पहिल्या वर्षी ते गेले. सोबत थोरल्याची पोरगी होती.

बेहिशेबी वागणाऱ्याला कायदा फार दूरवर सांभाळत नाही, हे इथं सांगितलं पाहिजे. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2008 मध्ये क्रेडिट कार्डावर वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयानं 20 डिसेंबर 2024 रोजी तो निर्णय रद्द केला. म्हणजे किमान रक्कम भरत राहणाऱ्याला त्या 30 टक्क्यांच्या मर्यादेचा आधार आता उरलेला नाही.

ज्यांच्या कपाटात असा करार असेल, त्यांनी तो आज रात्रीच काढावा आणि घरातल्या दहावी-बारावीच्या मुलासमोर मांडून तीन गोष्टी वाचाव्यात: किती वर्षं उरली, शुल्क दरवर्षी कसं वाढतं, आणि नाव बदलण्याची किंवा बाहेर पडण्याची अट काय आहे. गेल्या काही वर्षांत आपण किती रात्री तिथं राहिलो, तेही शेजारी लिहावं. सही घेताना फसवणूक झाली असं वाटत असेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं तक्रारीला शुल्क लागत नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते.