परतीची तार

दापोडीत एक उस्ताद होते. एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत त्यांनी उभं आयुष्य बसगाड्यांच्या वायरिंगमध्ये घालवलं आणि निवृत्त झाल्यावर जवळच एक लहानसं गॅरेज टाकलं. हाताखाली एक पोरगा होता, मूळचा हर्णैचा. हात चलाख, पण दोष सापडला असं वाटण्याची त्याला फार घाई.

१ जूनला मासेमारी बंदी लागली आणि हर्णैहून पोराच्या मामांचा निरोप आला. ते होडीवर तांडेल होते. होडीचं जुनं इंजिन बंद पडलं होतं. गॅरेजमध्ये एका ट्रकमधून उतरवलेलं, ओव्हरहॉल केलेलं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन तयार होतं. ते टेम्पोत चढलं आणि पोरगाही सोबत निघाला.

इंजिन बसलं. हादरे कमी व्हावेत म्हणून पोराने खाली नवे रबरी माउंटिंग दिले. डिझेलच्या लाइनमधली हवा काढली. बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केले. चावी फिरवली, पॅनेलवरचे दिवे लख्ख लागले. स्टार्टर दाबला, तर नुसतं ‘कट्’. दिवे विझू विझू झाले.

पोराने बॅटऱ्या बदलल्या. तेच. स्टार्टर उतरवून दापोलीला तपासून आणला. तो टेबलावर भिंगरीसारखा फिरला, होडीत पुन्हा मुका. नारळी पौर्णिमा जवळ येत होती. मामा काही बोलत नव्हते, पण रोज संध्याकाळी येऊन इंजिनाकडे बघून जात. शेवटी पोराने उस्तादांना फोन लावला.

“इंजिनच खराब दिलं आपण,” तो म्हणाला.

“मोजलंस काय?”

“बॅटरीवर पंचवीस व्होल्ट आहेत. स्टार्टरपर्यंत जाड केबल आहे. दिवे लागतात.”

“दिव्याला चिमूटभर करंट पुरतो रे. स्टार्टरला शेकडो अँपिअर लागतात. वाट अरुंद असली तरी दिवा लागतो. भार टाकून मोज. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, आणि मामांना स्टार्टर दाबायला सांग.”

तिथे काटा जागचा हलायला नको होता. फार तर अर्धा-एक व्होल्ट. मीटरने नऊ दाखवले.

“आता मीटर-पॅनेलच्या अर्थच्या तारेला हात लाव.”

पोराने झटकन हात मागे घेतला. सुतळीएवढी तार चटका देत होती.

उस्ताद बोलता बोलता गॅरेजच्या मागे आले होते. तिथे त्या ट्रकची उघडी चॅसिस उभी होती. त्यांनी विचारलं, “गाडीत स्टार्टरकडे गेलेला करंट बॅटरीकडे परत कुठून येतो?”

“बॉडीतून. चॅसिसमधून.”

“आणि होडीची बॉडी कशाची?”

बराच वेळ फोनवर फक्त लाटांचा आवाज येत राहिला.

“लाकडाची,” पोरगा हळूच म्हणाला. मग त्याला सगळं दिसलं. सवयीप्रमाणे त्याने निगेटिव्ह केबल खालच्या लोखंडी बेडला बांधली होती. जुनं इंजिन त्याच बेडवर लोखंडाला लोखंड लागून बसलेलं होतं, म्हणून चालत होतं. नवं इंजिन रबरावर बसलं आणि बेडपासून तुटलं. शेकडो अँपिअर करंट परतीसाठी त्या एका बारीक तारेत घुसू बघत होता.

त्याने ब्लॉकवरचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं. खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं, म्हणून कल्हई केलेल्या तारेची जाड केबल घेतली, थिंबल दाबले आणि ती निगेटिव्हपासून थेट ब्लॉकला घट्ट आवळली. वर ग्रीस लावलं. मामांनी स्टार्टर दाबला. इंजिन एका दमात सुरू झालं.

पोराने मामांना चूक काय होती ते सांगितलं. ते म्हणाले, “दर्यात होडी घालायला कुणीही शिकतो रे बाळा. माझ्या बापाने मला आधी बंदरात परत येण्याची खूण दाखवली होती. सुवर्णदुर्ग कुठल्या अंगाला दिसला पाहिजे, ते पाठ झाल्यावर मग वल्हं हातात दिलं.”

पोरगा दापोडीला परतला, तेव्हा उस्तादांनी त्याला मागच्या चॅसिसपाशी नेलं. तिथे एका बोल्टला विणलेल्या तांब्याची वीतभर पट्टी लोंबत होती, दुसरं टोक मोकळं. गाडीत हीच पट्टी इंजिनाला चॅसिसशी बांधून ठेवत होती. इंजिन उतरवताना पोरानेच तिचा बोल्ट काढला होता आणि पट्टी मागे सोडली होती.

तेव्हापासून त्या गॅरेजमधून निघणाऱ्या प्रत्येक इंजिनाला तो आधी अर्थची केबल बांधतो, मगच ते टेम्पोत चढवतो.

तात्पर्य : जुन्या जागी न मागता मिळालेली परतीची वाट नव्या जागी आपल्या हातांनी बांधावी लागते.