निर्यातबंदीचा न्याय

देशात पिकलेला माल देशाबाहेर विकण्याचा हक्क मुळात कोणाचा, पिकवणाऱ्याचा की राज्याचा, हा प्रश्न पाठ्यपुस्तकांत आयात-निर्यात धोरणाच्या प्रकरणात येतो. खरा तो न्यायाचा प्रश्न आहे. निर्यात वाढावी म्हणून बंदरे, शीतगृहे आणि संगणकीकृत सीमाशुल्क व्यवस्था उभी करणारे सरकारच एका अधिसूचनेने निर्यात थांबवू शकते. त्या थांबण्याचा भुर्दंड कोणी सोसायचा, हे नुसत्या आकडेवारीने ठरत नाही.

भारतीय परंपरेने राज्याचा अधिकार गृहीत धरला. राजाने मना केलेला माल लोभापायी बाहेर नेणाऱ्या व्यापाऱ्याचे सर्वस्व जप्त करावे, असे मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. कौटिल्य शस्त्रे, चिलखते, धातू, रत्ने, धान्य आणि पशू बाहेर नेण्यास मनाई करतो. पण परदेशी माल आणणाऱ्या नाविकांना आणि तांडेवाल्यांना करसवलतही देतो. प्रजेला जाच होणार असेल तर राजाने मोठा नफाही सोडावा, ही त्याची अट आजच्या कोणत्याही वाणिज्य मंत्रालयाला विचार करायला लावणारी आहे. मात्र प्रजेतच खाणारा आणि पिकवणारा समोरासमोर उभे राहिले तर काय, याचे उत्तर त्या सूत्रात मिळत नाही.

युरोपात याच्या उलट विचार धर्माच्या आधाराने मांडला गेला. ईश्वराने सर्व वस्तू एकाच भूमीला दिल्या नाहीत, माणसांना एकमेकांची गरज पडावी हाच त्यामागचा हेतू, आणि म्हणून व्यापार अडवणे हे त्या योजनेला अडवणे, असे चौथ्या शतकातल्या लिबानियस या ग्रीक वक्त्यापासून सांगितले जात होते. ह्यूगो ग्रोशियसने १६०९ साली ‘मारे लिबेरुम’मध्ये हाच धागा पकडून पूर्वेकडच्या समुद्रावरचा पोर्तुगीजांचा मक्तेदारीचा दावा खोडून काढला. गोव्याहून कारभार करणारे पोर्तुगीज तेव्हा अरबी समुद्रातल्या जहाजांना आपले परवाने घ्यायला लावत. अर्थात ग्रोशियस डच ईस्ट इंडिया कंपनीची वकिली करत होता, आणि त्याच कंपनीने पुढे बांदा बेटांवर जायफळाची मक्तेदारी तलवारीच्या बळावर बसवली. मुक्त व्यापाराचे तत्त्व बहुधा ज्याचा माल खपायचा असतो त्याला आधी सुचते.

तरीही बंदीच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद उरतो, तो भुकेचा. १८७६–७८च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे मरत असताना व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने बाजारात हात घालायचे नाकारले आणि धान्य बाहेर जातच राहिले. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली यामागची यंत्रणा उलगडून दाखवली. अन्न भुकेच्या मागे जात नाही, क्रयशक्तीच्या मागे जाते. १९७३ साली इथिओपियातल्या वोलो प्रांतात दुष्काळ असताना तिथले काही अन्न बाहेर गेले ते यामुळेच. जिथे जीव जातात तिथे मालकीहक्काचा दावा मागे सरतो, यावर फारसा वाद संभवत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या गॅट कराराचे कलम ११ देखील अन्नाची तीव्र टंचाई असताना तात्पुरती बंदी मान्य करते.

पण कांद्याला हा युक्तिवाद कितपत लागू होतो? कांदा महागला की स्वयंपाक फिका होतो, सरकारे अस्वस्थ होतात. दुष्काळ मात्र पडत नाही. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. नाशिक जिल्ह्यात तेव्हा खरिपाच्या लाल कांद्याची आवक सुरू असते. उन्हाळ कांदा हवेशीर चाळीत काही महिने थांबतो. लाल कांद्यात पाणी जास्त, तो काही आठवड्यांतच सडू लागतो किंवा त्याला कोंब फुटतात. त्यामुळे भाव पडला तरी शेतकऱ्याला ट्रॅक्टर लिलावात उभा करावाच लागतो. जहाजावर चढू लागलेल्या किंवा सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात गेलेल्या मालाला सवलत मिळाली. शेतात, खळ्यावर आणि बाजार समितीच्या आवारात पडलेल्या मालाला ती नव्हती.

उपयुक्ततावादी हिशेबात बंदी सहज जिंकते, कारण प्रत्येकी थोडे पैसे वाचवणारे ग्राहक कोट्यवधी आणि तोटा सोसणारे शेतकरी त्यामानाने थोडे. तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ साली अशाच हिशेबावर बोट ठेवले: तो माणसामाणसांतला भेद विसरतो आणि एकाचे नुकसान दुसऱ्याच्या फायद्यात जिरवून टाकतो. शेतकरी नेते शरद जोशींनी १९८०च्या सुमारास चाकणच्या कांदा आंदोलनापासून हीच तक्रार मराठी शेतकऱ्याच्या भाषेत मांडली. शेतीला सबसिडी मिळते हा समज खोटा आहे, ती उणे सबसिडी आहे, असे ते म्हणत. ग्राहकाला दिलासा द्यायचा तर तो सर्वांच्या तिजोरीतून द्यावा, एका पिकाच्या उत्पादकाकडून वसूल करू नये, हे तत्त्व त्यातून निघते आणि ते टाळण्यासारखे नाही.

व्यापार सुलभीकरणाचा प्रश्न इथेच नैतिक होतो. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी लागू झालेला जागतिक व्यापार संघटनेचा सुलभीकरण करार भारताने २०१६मध्येच स्वीकारला होता. नियम आधी प्रसिद्ध करावेत, अंमलापूर्वी शक्य तितका अवधी द्यावा, नाशवंत माल लवकरात लवकर सोडावा, ही त्यातली कलमे वरवर कारकुनी वाटतात. प्रत्यक्षात ती विश्वासाची कलमे आहेत. बंदरावरचे दोन दिवस वाचवणे चांगलेच. पण पेरणीच्या वेळी असलेला नियम काढणीला टिकेल की नाही हे ठाऊक नसेल, तर वाचवलेल्या दिवसांचा शेतकऱ्याला उपयोग नाही. करार तातडीच्या प्रसंगाला अपवाद देतो, त्यामुळे अशा बंद्या सहसा नियमभंगात मोडत नाहीत. न्याय्य असणे ही वेगळी कसोटी आहे.

मे २०२४मध्ये बंदी उठली, सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५पासून तेही रद्द झाले. ज्या १९९२च्या विदेश व्यापार कायद्याच्या कलम ३खाली केंद्र सरकार निर्यात थांबवू शकते, त्या कलमात उत्पादकाला भरपाई देण्याची तरतूद नाही. ती असायला हवी.