दत्त आणि अदत्त

दिवाळीनंतर शेजारच्या बोहरी बेन मुंबईहून आल्या, त्या थेट आमच्या ओट्यावरच बसल्या. त्यांची धाकटी बहीण भेंडी बाजारात राहते. आधी जुन्या चाळीतल्या एका खोलीत होती, मग बरीच वर्षं तात्पुरत्या घरात काढली, आणि आता उंच मनोऱ्यात स्वतःच्या नावावरच्या घरात आहे. बेननी मोबाईलवर एकेक फोटो दाखवला. घरातला संडास, स्वयंपाकघरात धूर बाहेर ओढणारा पंखा, दोन लिफ्ट. मी विचारलं, "सही करताना बहिणीला भीती नाही वाटली? घर पाडून टाकायचं म्हणजे!" बेन म्हणाल्या, "मौलांचा शब्द होता. मग विचार कसला?" त्यांच्या बोलण्यात अभिमान होता, संशय नव्हता. तरी तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याला कारण होतं, ते पुढे सांगते.

भेंडी बाजाराचं काम साधं नाही. साडेसोळा एकर जागा, सुमारे 250 जुन्या इमारती, 3,200 च्या आसपास कुटुंबं आणि साडेबाराशे दुकानं. 2009 मध्ये बोहरा समाजाचे 52 वे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांनी त्यासाठी सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन केला. एकेक इमारत न पाडता सगळा मोहल्लाच नव्याने बांधायचा, जुन्या भाडेकरूंना निदान 350 चौरस फुटांचं घर फुकट आणि मालकी हक्काने द्यायचं, जास्तीचे मजले बाजारात विकून खर्च काढायचा. पहिले मनोरे 2020 मध्ये उभे राहिले. बाकीचं काम टप्प्याटप्प्याने चाललंय. आपल्या बऱ्हाणपुरात दर्गाह-ए-हकीमीला मुंबईहून येणारे बोहरी पाहुणे आपण नेहमी बघतो. त्यांतल्या कितीतरी घरांत ही गोष्ट घडली असणार.

त्या इमारती इतक्या कशा खंगल्या, हेही समजून घ्यायला हवं. मुंबईत 1947 च्या भाडे कायद्याने जुनी भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. फाळणीच्या, महागाईच्या काळात गरीब भाडेकरूला बेघर करू नये, ही दयाच होती. पण पुढे पन्नास वर्षं भाडं तेच, आणि मालक म्हणाला, एवढ्या पैशात मी गिलावाही करणार नाही. भाडेकरू म्हणाला, माझ्या मालकीचं नाही तर मी का खर्च करू? दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. आणि भिंत मात्र कुजत गेली. आपण अनेकांत अनेकांत म्हणतो, पण सगळ्यांच्या दृष्टी खऱ्या असूनही छत कोसळू शकतं, हे प्रवचनात कुणी सांगत नाही.

छत कोसळलंच. 31 ऑगस्ट 2017 ला सकाळी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत पडली. तीसहून अधिक माणसं गेली. त्या वर्षीची संवत्सरी नुकतीच होऊन गेली होती, सगळ्यांना क्षमा मागून झाली होती, आणि टीव्हीवर ढिगारा दिसत होता. ही इमारत याच योजनेतली. पाडायची ठरलेली. काही कुटुंबं आधीच दुसरीकडे हलली होती, काही तिथेच राहिली होती. ती का राहिली, हे बाहेरून बोलणं सोपं नाही. मुलांची शाळा, खालचं दुकान, म्हातारं माणूस, नाहीतर नुसता अविश्वास. पण तेव्हापासून मला 'नाही म्हणणाऱ्याचा हक्क' एवढंच बोलून गप्प बसता येत नाही. दादऱ्याखाली झोपलेल्या पोराने तर काहीच म्हटलेलं नव्हतं.

उलट बाजूला गिरणगाव आहे. 1982 च्या जानेवारीत संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या. 1991 च्या नियमात होतं की गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हावेत: एक मोकळ्या जागेसाठी, एक स्वस्त घरांसाठी, एक मालकासाठी. 2001 मध्ये नियम बदलला, वाटे फक्त रिकाम्या जमिनीचे करायचे ठरले, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. जिथे भोंगे वाजायचे तिथे मॉल आले. सगळं कायद्याने. तिथे कामगाराची सही कुणाला लागलीच नाही. आपल्या लालबागची तापी मिल 2020 पासून बंद आहे, त्या भिंतीजवळून जाताना मला हेच आठवतं.

आता माझ्या घरचं. आमचा वाडा तीन भावांचा. पुढच्या दोन खोल्यांत चाळीस वर्षांपासून एक मावशी राहतात. विधवा, शिवणकाम करून जगल्या. भाडं महिना दीडशे रुपये. ते आम्ही कधी वाढवलं नाही आणि त्यांनी कधी चुकवलं नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांतली झबली त्यांनी शिवलेली. आता धाकट्या दिरांनी बांधकामवाला आणलाय. वाडा पाडून चार मजले. लाकूड पोखरलंय, पावसाळ्यात मागची भिंत फुगते, त्यामुळे पाडू नका असं मीही म्हणू शकत नाही. तिन्ही भावांच्या सह्या झाल्या. राहिल्या मावशी. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्हीच जा. तुमचं ऐकतील त्या."

मी गेले. डब्यात मेथीचे खाकरे नेले, म्हणजे रिकाम्या हाताने नको. (आता लिहिताना त्या खाकऱ्यांचीच जास्त लाज वाटते.) मी भिंतीचं सांगितलं, पैशांचं सांगितलं. त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला केलं, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "सूनबाई, तुम्ही आलात ना? मग कुठं करायची सही, ते दाखवा."

मी कागद दाखवला नाही. पाणी पिऊन परत आले.

श्रावकाचं तिसरं व्रत आपण सगळ्याजणी लहानपणापासून ऐकतो. आपण त्याला चोरी न करणं म्हणतो आणि सुटतो, कारण आपल्यापैकी कोण चोरी करतं? पण मूळ शब्द अदत्तादान आहे. न दिलेलं घेणं. तिथे कुलूप तोडलं का, हा प्रश्न नाही. समोरच्याने दिलं का, एवढाच प्रश्न आहे. शहरांच्या नव्या बांधणीत इतक्या टक्के लोकांनी होकार दिला की बाकीच्यांनाही निघावं लागतं, असा कायदा असतो. त्या उरलेल्यांचं घर दत्त की अदत्त? हुसैनी इमारत आठवली की मी म्हणते, घ्यावंच लागेल. पण 'घ्यावं लागलं' म्हणावं, 'त्यांनी दिलं' म्हणू नये. आणि जे घ्यावं लागलं, त्याची परतफेड जास्त काळजीने करावी.

मावशींनी मला त्याहून अवघड जागी उभं केलं. त्यांनी नाही म्हटलंच नाही. मुलाहिजा म्हणून दिलं. चाळीस वर्षं मालकाच्या घरातल्या बायकांशी गोड राहून ज्याचं छप्पर टिकलं, त्याने हो म्हणणं हे देणं आहे का? बेनच्या बहिणीची सही श्रद्धेची होती, आणि तिला घर परत मिळालं, त्याच मोहल्ल्यात मिळालं. त्या श्रद्धेने ते काम पुढे नेलं, हे मी मानते. माझ्यापाशी मावशींना परत द्यायला काय होतं? एक रक्कम. त्यात त्यांना गावाबाहेर कुठेतरी खोली मिळाली असती, जिथे ब्लाउज शिवायला कुणी गेलं नसतं.

आणखी एक. करणं, करवणं आणि करणाऱ्याला बरं म्हणणं, असे पापाचे तीन वाटे आपल्याकडे सांगितलेत. साधू-साध्वी तिन्ही सोडतात. आपण गृहस्थ बहुतेक व्रतांत पहिले दोनच सोडतो. तिसरा आपल्याला झेपणार नाही म्हणून मोकळा ठेवलाय. मी इतकी वर्षं समजत होते की घरच्या व्यवहारात मी त्या तिसऱ्या खोलीतच बसलेली आहे. पुरुष ठरवतात, मी फार तर 'बरं' म्हणते. पण डबा घेऊन मावशींच्या दारात गेले ती मीच. ते करवणं झालं. बायकांना समजूत घालायला पुढे पाठवतात तेव्हा हा फरक कुणी आपल्याला सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

आठ दिवसांनी पुन्हा गेले, या वेळी काही न नेता. म्हटलं, मावशी, भाच्याला नेपानगरहून बोलवा, कागद त्याला वाचू दे, आणि तुम्हाला काय हवंय ते आधी सांगा. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रस्त्याकडची एक खोली. तळमजल्यावर. मशीन ठेवण्यापुरती." एवढंच. भाडं देईन, हेही त्यांनीच जोडलं.

रस्त्याकडचा तळमजला म्हणजे दुकानाची जागा. सगळ्यात जास्त भाव तिचाच. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही काम करायला गेला होतात की बिघडवायला?" ह्यांनी काही म्हटलं नाही, पण जेवताना आमटी दुसऱ्यांदा मागितली नाही, यावरून मी समजले. बांधकामवाल्याने हिशेब करून दाखवला: दहा बाय बाराची खोली सोडली तर प्रत्येक भावाच्या वाट्याला किती कमी येतं. आकडा लहान नव्हता. माझ्या मुलाच्या शिक्षणाचं कर्ज अजून फिटायचंय, हे मला कुणी आठवण करून द्यायची गरज नव्हती.

कागद माझ्याजवळ आहे, सामायिकाच्या आसनाखाली. काल दिरांचा पुन्हा फोन आला. मी म्हटलं, पुढची खोली मावशींच्या नावाने लिहून आणा, मग मी स्वतः त्यांच्याकडे घेऊन जाते. त्यांनी फोन ठेवला. पाऊस यायला अजून तीन महिने आहेत. मागच्या भिंतीला आम्ही बल्ल्यांचा टेका दिलाय, आणि मावशींना रात्री पुढच्याच खोलीत झोपायला सांगितलंय.