चीक आणि गोडी

आज पपई चिरायची घाई करू नका. जमलं तर आधी झाडापाशी जा. मोरीमागे किंवा कुंपणाच्या कडेला, कुणी न लावता उगवलेलं एखादं असतंच. त्याच्याजवळ जरा टेका.

खोडाकडे बघा. पान गळलं की देठाचा व्रण मागे राहतो. खालपासून वरपर्यंत व्रणच व्रण. हात ठेवा. हे लाकूड नव्हे. आतून पोकळ, मऊ, पाणीदार. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला वृक्ष म्हणायला कचरतात. फांद्या काढण्याच्या भानगडीत ते सहसा पडत नाही. लावल्यापासून साधारण वर्षाच्या आत फळ धरतं, आणि मुळाशी पाणी तुंबलं तर दोन-चार दिवसांत मान टाकतं.

आता नजर वर न्या. खोडाला बिलगून लटकलेली हिरवी फळं. त्यांतल्या एकाला नखाने हलकेच ओरखडा काढा आणि थांबा. पांढरा थेंब जमेल, ओघळेल, हळूहळू घट्ट होईल. बोटाला लागला तर धुऊन टाका. कातडी चरचरते, आणि डोळ्यात तर तो जाताच कामा नये. पण त्याच्याकडे बघत राहा. या चिकात पपेन आहे, प्रथिनांच्या साखळ्या तोडणारं विकर. अळीने पान कुरतडलं की हाच चीक तिच्या तोंडी येतो. झाडाला काटे नाहीत, जाड साल नाही. संरक्षणाची बरीचशी भिस्त या थेंबावर.

माणसाने तो थेंब कामाला लावला. कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाने को-२, को-५ अशा जाती काढल्या, त्या पपेनसाठीही. सकाळच्या वेळी कच्च्या फळांवर उथळ उभ्या चिरा देतात, गळणारा चीक गोळा करून वाळवतात. मांस मऊ करायला, बिअर निवळ ठेवायला, चामडं कमवायला तो लागतो. कबाबाच्या खिम्याला सालासकट वाटलेली कच्ची पपई चोळणाऱ्याला पपेन हे नाव माहीत नसेल. पण जास्त वेळ ठेवलं तर खिम्याचा गिचका होतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

कच्च्या पपईची भाजी आठवा. कीस, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, मोहरी-हिंगाची फोडणी, वरून ओलं खोबरं. चांगली शिजली की विकराचं काम संपतं आणि उरतो एक सौम्य, जवळजवळ बेचव गर, जो फोडणीची चव निमूट घेतो. केकमधली लाल-हिरवी टूटीफ्रूटी म्हणजे बहुतेक वेळा पाकात मुरलेली हीच कच्ची पपई. तिच्याबद्दल याहून जास्त मनन करण्यासारखं मला काही वाटत नाही.

आता पिकलेली पपई हातात घ्या. वास घ्या, तो सगळ्यांना आवडतो असं नाही. चिरा. चीक कुठे आहे? शोधा. जवळजवळ नाहीच. पिकता पिकता तो ओसरला, आणि त्याच्याबरोबर पपेनही. म्हणून ‘जेवणानंतर पपई खा, पपेनने अन्न पचतं’ हा सल्ला ऐकला की मला कच्च्या फळाची बाजू घ्यावीशी वाटते: श्रेय तिचं, मिरवते ही. पिकलेलीचे गुण वेगळे आहेत. तंतू, पाणी, रंगातलं कॅरोटीन, आणि शंभर ग्रॅममध्ये साधारण ६० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. पोट साफ होतं ते यातल्या तंतूंनी आणि पाण्याने. एक फोड तोंडात ठेवा, लगेच गिळू नका. एवढी गोडी पुरेशी नाही का? तिला औषध कशाला म्हणायचं?

औषधाचा विषय निघालाच आहे तर पानांकडे वळू. डेंग्यूत पानांचा रस देतात. काही चाचण्यांत प्लेटलेट वाढल्याचं दिसलं आहे. पण डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरल्यामुळे, आणि ते काही या रसाने थांबत नाही. शरीरातलं पाणी राखणं आणि डॉक्टरांची नजर, हे आधी. गरोदरपणी कच्ची, चिकाची पपई टाळायला सांगतात, ते धरून चालावं. तोच धाक पिकलेल्या फोडीला लावायचं कारण नाही.

मधल्या पोकळीतल्या बिया चमच्याने काढा. एक चावा. मिरीसारखी तिखट, वाळवून मिऱ्यांत भेसळ करतात ती म्हणूनच. हे झाड मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. सोळाव्या शतकात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच प्रवाशाने १५९६च्या ग्रंथात लिहिलं, की हे फळ स्पॅनिश मुलखातून फिलिपाइन्स, मलाक्का करत इकडे आलं. एवढा प्रवास असल्याच बियांनी केला असणार.

पेरायच्या असतील तर वरचं बुळबुळीत आवरण राखेत चोळून काढा, ते रुजणं अडवतं. एका खड्ड्यात तीन-चार टाका. जुन्या गावठी जातींत निम्मी रोपं नर निघतात, आणि फुलं येईपर्यंत ती ओळखू येत नाहीत. लांब लोंबणारे तुरे आले की नर. दहा-वीस माद्यांमागे एक ठेवा, बाकीचे उपटा.