वेदना सांगणे आणि सब्र

कर्करोगाच्या रुग्णाला भेटायला येणारे आप्त बहुधा एकच उपदेश करून जातात : सब्र करा. उपदेश योग्यच आहे. पण तो ऐकून रुग्ण आपले दुखणे डॉक्टरांपासूनही लपवू लागला, तर त्याला सब्र म्हणावे काय?

केमोथेरपीने तोंडात पडणाऱ्या व्रणांचे उदाहरण घेऊ. ही औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. तोंडाचे आतले अस्तरही एक-दोन आठवड्यांत नव्याने घडत असते, म्हणून तेही या आघातात सापडते. औषध दिल्यावर साधारण आठवडाभराने गाल, जीभ व ओठ आतून लाल होतात, सोलवटतात. पाण्याचा घोटही झोंबतो. बहुतेक व्रण दोन-तीन आठवड्यांत भरून येतात. परंतु तोवर अन्न तुटते, वजन घटते. याच काळात रक्तातील पांढऱ्या पेशीही कमी झालेल्या असल्या, तर उघड्या व्रणांतून जंतू रक्तात शिरण्याचे भय असते. अशा वेळी १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तरी तातडीने रुग्णालयाला कळवावे लागते. येथे मौन महागात पडते.

हजरत अय्यूब (अलै.) यांना कुरआनने सब्र करणारे म्हटले आहे, आणि आपल्याला पीडा झाल्याचे त्यांनी अल्लाहला सांगितले, हेही कुरआननेच नोंदविले आहे. दोन्हींत विरोध नाही. कोणी म्हणेल, ते गाऱ्हाणे अल्लाहपाशी होते, माणसापाशी नव्हे. पण खुद्द प्रेषितांनी (स.) आपली डोकेदुखी हजरत आयेशा (रजि.) यांच्याजवळ बोलून दाखविल्याचे सहीह बुखारीत आले आहे. उपचार करा, अशी त्यांची शिकवणही हदीसांत आहे. आणि न सांगितलेल्या दुखण्यावर उपचार कसा व्हावा? अल्लाहच्या निर्णयाविरुद्ध कुरकुर करणे वेगळे आणि वैद्याला खरी स्थिती कळविणे वेगळे. पहिल्याने सब्र भंगते. दुसऱ्याने अमानत सांभाळली जाते, कारण हे शरीर अल्लाहने आपल्या हाती सोपविलेली ठेव आहे.

सांगितले तर उपाय आहेत. मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मऊ ब्रश, तिखट व गरम पदार्थांचा त्याग, वेदनाशामक औषध. काही औषधे दिली जात असताना तोंडात बर्फाचे खडे धरायला लावतात, तेही डॉक्टरांच्याच सल्ल्याने.

इबादतीतही हाच विवेक हवा. मिसवाक सुन्नत आहे, पण तिचा हेतू तोंडाची स्वच्छता हा आहे. व्रण रक्ताळत असतील तर मऊ ब्रश त्या हेतूला बाधा आणत नाही. रोजा पुढे ढकलण्याची सवलत आजाऱ्याला कुरआनानेच दिली आहे. निरोगी असताना जी सत्कर्मे माणूस करीत असे, त्यांचे पुण्य आजारपणातही लिहिले जाते, असे हदीस सांगते. मग जिभेला तिलावत जड झाली म्हणून खंत का करावी?

यापुढे रुग्णाला भेटायला जाल तेव्हा उपदेशाआधी एक प्रश्न विचारा : आज काही खाता आले का? उत्तर नकारार्थी आले, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालण्यास मदत करा. हेही सब्राला दिलेले साहाय्यच आहे.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.