मिस्त्रीचाचांची अट

कराडच्या मंडईमागच्या बोळात एक शिंपी होता. उभा जन्म त्यानं एकाच पायमशीनवर काढला. परकर-पोलक्यांपासून बँडवाल्यांच्या कोटांपर्यंत सगळं तिच्यावरच शिवलं. तो गेला, घर रिकामं करायची वेळ आली आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलापुढे प्रश्न पडला, की ह्या काळ्या सिंगरचं करायचं काय?

भंगारवाल्यानं आठशे सांगितले. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्यानं तीन हजार देऊ केले, पण फक्त खालच्या बिडाच्या स्टँडचे. त्यावर काच टाकून त्याला टेबल करायचं होतं, वरचं हेड त्याला नको होतं. मग चुलतभाऊ कानाशी लागला, "आठशे काय घेऊन बसलास? जुन्या सिंगरमध्ये लाल पारा असतो. सुईजवळ मोबाइल धर, फोन बंद पडला की समज, लाखांत जाते." ही अफवा आपल्याकडेच उठली असं नाही. 2009 साली सौदी अरेबियात तिनं असा जोर धरला, की लोकांनी जुन्या मशिनींना भलतेच भाव दिले आणि शेवटी पोलिसांना लक्ष घालावं लागलं. पारा कुणालाच मिळाला नाही, मिळणारही नव्हता. पण एकदा मोठा आकडा कानात शिरला की तो निघता निघत नाही. मुलानं मोबाइलवर जाहिरात टाकली, 'शंभर वर्षांची अँटिक मशीन, चाळीस हजार'.

शेजारच्या गल्लीत एक बाई ब्लाउज-ड्रेस शिवायची. पुतणी हाताखाली शिकायला आली होती, म्हणून तिला दुसरी मशीन हवी होती. ती येऊन बघून गेली आणि म्हणाली, "दादा, चाळीस हजार कशाचे? गंजून पडलंय सगळं. पंधराशे देते."

मुलाला राग आला. बाईलाही आला. दोन दिवस बोलणं बंद. शेवटी कुणीतरी सुचवलं आणि दोघं मशीन टेम्पोत घालून शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचाचांकडे गेली.

चाचांनी आधी हेड मागे कलतं करून खालची बाजू बघितली, फडक्यानं नंबराची पट्टी पुसली. "नंबराच्या आधी वाय आहे. म्हणजे ही स्कॉटलंडची, क्लाइडबँकच्या कारखान्याची. कारखाना 1980 सालीच बंद झाला. जुनी आहे, खरंच जुनी आहे."

मुलाचा चेहरा खुलला.

"पण भाऊ, 1913 साली त्या एका कारखान्यातून दहा लाखांच्या वर मशिनी बाहेर पडल्या. गावोगावी हप्त्यानं विकल्या गेल्या. जुनं झालं म्हणजे दुर्मीळ झालं असं नाही. ह्या मॉडेलची मशीन तर अजून घराघरात आहे."

आता बाईचा चेहरा खुलला. चाचांनी दोघांकडे बघितलं आणि म्हणाले, "भाव मी सांगतो, पण माझी एक अट आहे. भाऊ, मशीनमधले दोष तुम्ही सांगायचे. ताई, गुण तुम्ही सांगायचे. खोटं बोललात तर मला कळेल, मग मी भाव सांगणार नाही."

दोघंही गप्प. कुणी पहिलं बोलावं?

बाजारात विकणारा दोष झाकतो, घेणारा गुण झाकतो आणि ज्याची जीभ जास्त तयार तो जिंकतो. ह्याला आपण व्यवहारचातुर्य म्हणतो आणि मुलांनाही तेच शिकवतो. मला हे कधीच पटलेलं नाही. दोन माणसांनी एकमेकांपासून लपवालपवी करून काढलेला आकडा योग्य असेलच कसा?

पहिला बोलला तो मुलगाच. "स्टँडचा डावा पाय आतून वेल्डिंग केलेला आहे. वडिलांनी वर रंग मारला होता, म्हणून दिसत नाही." बाईनं वाकून पाहिलं. तिला खरंच दिसलं नव्हतं. "फळी एका कोपऱ्याला वाळवीनं खाल्लीय. पट्टा तुटलाय. आणि उलटा टाका हिला येत नाही."

चाचांनी चामड्याचा नवा पट्टा चढवला, सुई बदलली, जागोजाग तेलाचे थेंब सोडले आणि जीन्सच्या कापडाचा एक तुकडा चौपदरी दुमडून बाईच्या हातात दिला. "चालवून बघा."

बाईनं हातानं चाक फिरवलं, मग पाय दिला. पहिल्या इंचभर टाक्यांत खालून दोरा लोंबला. तिनं वरचा ताण थोडा आवळला, पुन्हा पाय दिला आणि टाका बसला. कापड उलटसुलट करून तिनं नखानं शिवण तपासली. वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या पोटात गुंतलेला, दोन्ही बाजूंनी टाका सारखाच, ना सैल ना ओढलेला. ती बराच वेळ त्या शिवणीकडे बघत राहिली. शिवणाऱ्या माणसाला टाका खोटं सांगू देत नाही.

"चार पदरांतून सरळ गेली," ती म्हणाली. "माझी नवी मशीन इथं अडखळते. दाते झिजलेले नाहीत. सुईच्या दांड्याला खुळखुळ नाही. बॉबिन आणि सुई नेहमीचीच लागते, म्हणजे कुठल्याही दुकानात मिळेल. लाइट गेली तरी काम थांबणार नाही." मग थोडं थांबून, "दादा, मी गंज म्हणाले तो गंज नव्हता. वाळलेलं तेल होतं. मला तेव्हाही ते कळलं होतं."

मुलगा म्हणाला, "वडिलांनी ह्याच मशीनवर आम्हाला शिकवलं. त्याचं काहीच नाही का चाचा?"

"आहे ना. पण ते पैसे ताईंनी का द्यायचे? ते तुमचं आहे, विकलं तरी तुमच्याकडेच राहणार. तसंच ताईंची ओढाताण आहे म्हणून तुम्ही कमी घ्यावं, असंही मी म्हणणार नाही. ते ज्याच्या त्याच्या मनावर."

मग चाचांनी पाटीवर हिशेब मांडला. अशीच नवी मशीन स्टँडसकट आठ हजारांना. हिला हमी नाही, पाय जोडलेला, त्याचे दोन हजार वजा. नवी फळी, पट्टा आणि सर्व्हिसिंग, त्याचे पंधराशे वजा. राहिले साडेचार हजार. असं जड ओतकाम आता मिळत नाही, त्याचे पाचशे वर. सोनेरी वेलबुट्टी पुसून गेलीय, ती शाबूत असती तर एखाद्या शौकिनानं जास्त दिले असते. म्हणून शौकिनाचा भाव धरला नाही.

"पाच हजार."

बाईनं मान डोलावली. मुलानं तिथंच मोबाइल काढून जाहिरात खोडली. बाईकडे तीन हजारच होते. उरलेले दोन हजार दिवाळीनंतर द्यायचे ठरले, आणि मुलानं चिठ्ठी लिहून मागितली नाही. चाचांनी तपासणीचे पन्नास रुपये घेतले, पंचवीस ह्याच्याकडून आणि पंचवीस तिच्याकडून.

दिवाळी झाल्यावर भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी ते दोन हजार पोचले.