सेवा आणि मजुरी

धर्मादाय संस्थेंत पहिल्यानेंच कामास लागणाऱ्या पुष्कळांच्या ओठांवर “ताशी किती द्याल?” हा प्रश्न येतो, आणि तेथेंच राहतो. सेवेच्या कामांत मोबदल्याची बोली करणें लोभाचें होईल, अशी भीति त्यांस वाटते. ही भीति खरी आहे काय?

दान आणि मजुरी ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. दान हें देणाऱ्याच्या खुशीवर असतें. मजुरी हें घेणाऱ्याचें ऋण असतें. राजस्थानांत दुष्काळी कामावर रस्ता बांधणाऱ्या मजुरांस सात रुपये ह्या ठरीव किमान रोजाहून कमी पैसे मिळत. हें संकटांतलें साहाय्य आहे, असें सरकारचें म्हणणें होतें. परंतु १९८३ सालीं संजित रॉय ह्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, किमान वेतनाहून कमी देऊन करविलेलें काम घटनेच्या २३ व्या कलमाप्रमाणें वेठच होय, मग तें दुष्काळी काम कां असेना.

संस्था परोपकारी असली, तरी तिचा परोपकार सर्वांत खालच्या नोकराच्या पदरचा असूं नये. नोकरास दान करावयाचें असेल, तर त्यानें पुरी मजुरी हातांत घ्यावी व मग संतोषानें द्यावें. न विचारतां कापून घेतलेलें तें दान नव्हे.

मग मागावें कसें? प्रथम तास मोजावे. गांवोगांव फिरण्याचा, सभेचा व वह्या लिहिण्याचा वेळ धरतात कीं नाहीं, हें विचारावें. त्या भागांत तशा कामास काय मिळतें ह्याची चौकशी करावी, व सरकारी किमान दर पाहावा. तो तासावरही बांधतां येतो. ही सोय १९४८ च्या किमान वेतन कायद्यांत होती, व २०१९ च्या वेतनसंहितेंतही आहे. नंतर नम्रपणें पण स्पष्टपणें एक आंकडा सांगावा, आणि ठरेल तें लिहून घ्यावें. संस्थेजवळ पैसा खरोखरच थोडा असेल, तर दर न उतरवितां तास कमी करण्याविषयीं विनंती करावी.

संस्थाचालकांसही आमचें एक सांगणें आहे. जो मागावयास लाजतो त्यास कमी व जो बोलका त्यास अधिक, असें करूं नका. एका कामास एक दर ठेवून तो आधींच सांगा. आणि कामकऱ्यांनो, बोली झाल्यावर एकही तास चोरूं नका. ज्याचा हिशेब दोहींकडून चोख असतो, त्याच सेवेवर लोकांचा विश्वास बसतो.